असई १८०३: वेलस्ली नदीतच का अडकतो?

असईच्या मराठे-इंग्रज लढाईचा टेबलावरचा युद्धखेळ मांडलाय, इंग्रज सेनापती वेलस्ली. १५ मिमी सैनिक, ६ बाय ४ फुटी टेबल. केळणा नदी ओलांडतानाच शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या पलटणी इंग्रजांना गारद करतात. काय चुकतंय?

— पोलमनची फळी दक्षिणेला, केळणेकडे तोंड करूनच मांडा. नदी ओलांडायचा उतार तिच्या डाव्या टोकाच्या पलीकडे हवा. तिथे फक्त तोफांचा लांबचा मारा पोचू द्या आणि फळी वळवायला दोन चाली खर्ची घाला.

— शिवाय असई गावात भरपूर तोफा ठेवा, इंग्रजांची ७४वी पलटण तिथेच चिरडली गेली. इंग्रजांनी तोफा घेतल्या तरी तोफा डागणारे मराठ्यांचे गोलंदाज टेबलावरून उचलू नका! मेल्याचं सोंग घेऊन ते पुन्हा उठले होते. फाशावर ५-६ पडल्यास त्यांना इंग्रजांवर पाठीमागून तोफा डागू द्या.

— टेबलावरच्या नदीला ॲक्रिलिक वार्निशचे पातळ थर द्या, एकदम जाड ओतलं की आत दुधाळ राहतं.