चर्चा: ‘पूर्वग्रह सर्वांनाच असतात’ हे निमित्त की उत्तर?

धागाकर्ता: काल येथे एका सदस्याने लिहिले की, विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी १९८९ च्या निबंधातच साचेबंद समजुती सर्वांच्या मनात आपोआप जाग्या होतात हे दाखवले असल्याने कोणी कोणाला जातीयवादी म्हणू नये. हा निबंध अर्धाच वाचल्याचा परिणाम आहे. विचाराला सवड मिळताच कमी पूर्वग्रह असलेली माणसे ती समजूत बाजूला सारतात, हे त्यातच आहे. पूर्वग्रह सोडणे म्हणजे वाईट सवय मोडणे, असे त्या म्हणतात.

कालचा सदस्य: निबंध मी पूर्ण वाचला आहे. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे एकाच यंत्रमागाच्या शेडमध्ये राबतात. सहवासाने पूर्वग्रह ओसरतो, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले.

सात रस्ता: ऑलपोर्ट यांनी सहवासात दोघांचा दर्जा समान हवा, ही अटही घातली होती, ती आपण सोयीस्करपणे गाळली. मी खोली शोधत असताना फोनवर ‘आजच या’ म्हणणाऱ्या काकूंनी दारात आडनाव विचारले, हातातली किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली आणि पुतण्या राहायला येणार असल्याचे सांगितले. पुढचे चार महिने त्या खोलीला कुलूपच होते. माझा रोजचा रस्ता तोच आहे.

पूर्व भाग: आडनावाचे सोडा, उच्चाराचे काय? आमच्या चार पिढ्या येथे मागावर गेल्या, माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, तरी पुण्यातील मुलाखतीत पहिला प्रश्न ‘आंध्रचे का?’ असा आला. त्यानंतर येत असलेली उत्तरेही मला धड देता आली नाहीत.

कालचा सदस्य: आता पुण्याच्या नावाने गळा काढा! एक प्रश्न न रुचल्याने उत्तरे विसरणाऱ्याने तयारी वाढवावी.

पूर्व भाग: तयारी काढू नका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील ६४२ शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. सर्वांसमोर जात पुकारल्यावर खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कोडी कमी सुटली. जात न पुकारता तीच कोडी त्यांनी इतरांच्या बरोबरीने सोडवली होती. त्यांचीही तयारी कमी होती काय?

कालचा सदस्य: ठीक आहे, निबंधाचा शेवटचा भाग मी घाईत वाचला, हे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. मात्र माझ्या घरात भाडेकरू कोण ठेवायचा, हे कोणत्याही प्राध्यापिकेने मला शिकवू नये.

सात रस्ता: आपली खोली कोणत्या पेठेत आहे?