अक्कलदाढ वारीआधी काढू की आल्यावर?

आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचंय, निघायला दहा दिवस उरलेत आणि खालची अक्कलदाढ आडवी आलीये, अधूनमधून हिरडी सुजते, डॉक्टर म्हणतात काढावीच लागेल. आत्ता उरकू का?

सासवडकर: सूज असेल तर बहुतेकदा आधी ती उतरवतात मग काढतात, म्हणजे दहातले चार-पाच दिवस तिथेच गेले. वर काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्राय सॉकेट झालं (म्हणजे दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून आतलं हाड उघडं पडलं) तर जी कळ मारते ना, दिवेघाटात नको रे बाबा ते!

बंड्या: मी उलट म्हणेन, सूज नसेल तर उद्याच काढ, टाके साधारण आठवड्यात निघतात. ठेवलीस आणि वाटेत ठणकली तर? तंबाखू मात्र बंद हां, जखम भरत नाही.

प्रश्नकर्ता: तंबाखू नाही हो, नुसता चहा. उद्या एक्स-रे काढून विचारतो.