मलावीच्या बालवाड्या: खेळणी की पिठाचे पैसे?

नमस्कार मंडळी,
यंदा दिवाळीच्या निमित्ताने आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यांमधल्या बालवाड्यांना मदत करायचं आपल्या मंडळाच्या सभेत ठरलं. दोघा-तिघांनी खेळणी आणि मुलांचे वापरलेले कपडे गोळा करायचं सुचवलंय. सामान ठेवायला गॅरेज कोण देईल?
– सचिव

सचिवसाहेब, गॅरेजचं राहू द्या.
आम्ही नोकरीनिमित्त मलावीतल्या ब्लांटायर शहरात राहिलोय, म्हणून लिहिते. तिथे वापरलेल्या कपड्यांना तोटा नाही. परदेशातून गठ्ठेच्या गठ्ठे येतात आणि बाजारात 'कौंजिका' म्हणून ढिगाने विकले जातात. त्यात आपली भर कशाला?

या बालवाड्या गावच चालवतं. तीन ते पाच वर्षांची मुलं, सकाळचे काही तास, कुठे चर्चमध्ये तर कुठे आंब्याखाली. शिकवणाऱ्या बायका गावातल्याच आणि बहुतेक बिनपगारी. तीन दगडांच्या चुलीवर लिकुनी फाला रटरटत असतो, म्हणजे मका आणि सोयाच्या पिठाची पातळ लापशी. घरून आणलेला प्लॅस्टिकचा कप मांडीवर घेऊन पोरं गाणी म्हणतात, पण डोळे सगळ्यांचे पातेल्याकडे. पीठ आहे तोवर पट भरलेला. पीठ संपलं की आठवड्याभरात निम्मी मुलं गायब.

आणि पीठ संपतं ते नेमकं डिसेंबर ते मार्चमध्ये. घरातला मका संपलेला, नवा एप्रिलच्या आसपास येणार. आईबाप दुसऱ्याच्या शेतावर 'गान्यू' करायला, म्हणजे रोजंदारीवर. धाकटं घरी राहिलं की त्याला सांभाळायला मोठ्या बहिणीची शाळा बुडते. २०१५-१६ च्या आरोग्य पाहणीत तिथली पाच वर्षांखालची ३७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली होती. टेडी बेअरने उंची वाढत नाही!

खेळण्यांचं म्हणाल, तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, पानं, बियाच वापरल्या. मलावीच्या बायकांनाही दाणे काढलेल्या कणसांवर आकडे शिकवता येतात. पिठाचे पैसे द्या, जमलं तर त्या बायकांना थोडं मानधनही.

ताई, पटलं. पण पैसे नक्की पोचतात का? मधल्या मध्येच जिरतात, असा माझा अनुभव आहे.
– एक जुना सभासद

काका, शंका रास्त आहे. संस्थेला सरळ विचारायचं: पीठ मलावीतच विकत घेता का, शिजवतं कोण, आणि हिशेब गावाच्या समितीला दाखवता का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी संस्था बघायची. शाळेतल्या मुलांना जेवण देणारी मेरीज मील्स ही संस्था आहे, तिचं जेवणाचं काम २००२ मध्ये मलावीतच सुरू झालं. सुरुवात तिथून करू.

खजिनदाराचं थोडं ऐका. आपल्या घटनेत मराठी भाषा आणि संस्कृती एवढाच उद्देश आहे, त्यामुळे मंडळाच्या शिलकीतून यासाठी एक पौंडही देता येणार नाही. तिकिटांच्या पैशांवर गिफ्ट एड (देणगीवर ब्रिटन सरकार संस्थेला देतं ती कराची भर) मिळत नाही, हेही आहेच. त्यापेक्षा ज्याने त्याने थेट संस्थेला देणगी द्यावी आणि गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करावी (अर्थात इथे कर भरत असाल तर). मग पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून वर मिळतात. दिवाळीनंतर लगेच दिलीत तर पीठ डिसेंबरच्या आत भरता येईल. संस्था नक्की झाली की तिची लिंक फराळाच्या ऑर्डरच्या मेलमध्येच टाकतो. तो मेल तरी सगळे उघडतात.