अनुभव धागा : एअरशिपचे हँगर पाहिलेत का?

नौदलांनी एअरशिप, म्हणजे हलका वायू भरून तरंगणारी प्रचंड हवाई जहाजं, केव्हाच मोडीत काढली, पण ती ठेवायला बांधलेल्या अवाढव्य शेड, म्हणजे हँगर, काही ठिकाणी अजून उभे आहेत. तुम्ही कुठला पाहिलात? आत जायला मिळालं का? विकिपीडिया चिकटवू नका, स्वतःचं लिहा. जुन्या विमानतळांच्या आठवणीही चालतील.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
इथे भारतातून पाहुणे आले की हायवे १०१ वरून मॉफेट फील्डचा हँगर वन दाखवायचा, हे ठरलेलंच. ११३३ फूट लांब, १९८ फूट उंच. आम्ही राहायला आलो तेव्हा त्याचे पत्रे उतरवणं चालू होतं, कारण त्यांत पीसीबी ही विषारी रसायनं आणि शिसं निघालं होतं. सासरे रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांचा जीव अडकला तो दरवाजांत. संत्र्याच्या सालीसारखे गोलाकार, खाली रुळांवर फिरणारे. "सरळ सरकते का नाही केले?" ही एकच भुणभुण. शेवटी तिथल्या छोट्या म्युझियममधल्या आजोबांनी समजावलं. सपाट दरवाजा उघडला की त्याच्या कडेला वाऱ्याचे भोवरे उठतात आणि एअरशिप आत-बाहेर करताना हेलकावते. गोल दरवाजावरून वारा घसरून जातो. सासरे खूश! अमेरिकी नौदलाच्या ज्या 'मेकन' एअरशिपसाठी हा सगळा खटाटोप, ती ऑक्टोबर १९३३ मध्ये इथे आली आणि १२ फेब्रुवारी १९३५ ला कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरच्या पॉइंट सूरजवळ समुद्रात पडली. ८३ पैकी ८१ जण वाचले.

एडिसन, न्यू जर्सी
लेकहर्स्टला आधी नाव नोंदवावं लागतं, लष्करी तळ आहे. सगळे जातात ते १९३७ मध्ये इथे पेटून कोसळलेल्या 'हिंडेनबर्ग' या जर्मन एअरशिपसाठी. मला खटकतं ते हे, की ४ एप्रिल १९३३ ला याच किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलाची एअरशिप 'ॲक्रन' बुडाली, ७६ पैकी ७३ गेले, त्यात ज्यांच्या नावाने मॉफेट फील्ड आहे ते ॲडमिरल मॉफेटही होते, आणि तिचं नाव कुणाला माहीत नसतं. हिंडेनबर्गमध्ये ३६ गेले, पण तिथे कॅमेरे होते ना! ॲक्रनवर तर लाइफ जॅकेटही नव्हती.

आयर्विन, कॅलिफोर्निया
आमच्या शेजारच्या टस्टिनचे दोन्ही हँगर लाकडी. १९४२ मध्ये पोलाद युद्धासाठी राखून ठेवलं होतं. उत्तरेकडचा ७ नोव्हेंबर २०२३ ला पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. ऐन दिवाळीचा आठवडा. राखेत ॲस्बेस्टॉस निघाल्यामुळे शाळा, बागा बंद. आमच्या अंगणात काळे पापुद्रे येऊन पडले होते, हात लावू नका अशी सूचना. रांगोळी घरातच काढली, कंदीलही आतच टांगला. त्यात मुलगा विचारतो, "बाबा, आता तिथे काय बांधणार?"

पुणे
मी स्वतः काही पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगते. आजीचं माहेर कराचीचं. तिचे भाऊ तिथल्या नारायण जगन्नाथ हायस्कुलात शिकले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. गावाबाहेरच्या विमानतळावर इंग्रजांनी त्यांच्या 'आर १०१' या एअरशिपसाठी प्रचंड शेड बांधली होती. एअरशिप इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघाली आणि ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्येच कोसळली, ४८ मेले. आजी म्हणायची, "मांडव घातला, नवरदेव आलाच नाही." दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, त्याच विमानतळावरून (द्रिघ रोड) जेआरडी टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला आले, तेही एवढ्याशा 'पस मॉथ' विमानातून. शेड पुढे पाडली.

पोर्टलंड, ऑरेगॉन
आयर्विनकरांनो, लाकडी हँगर आतून बघायचा असेल तर टिलामूकला या. नौदलाचे ब्लिंप (आत सांगाडा नसलेली छोटी एअरशिप) इथून जपानी पाणबुड्या हुडकायला जायचे. दोनांपैकी एक १९९२ मध्ये जळाला, आत गवताच्या गंजी भरल्या होत्या म्हणे! उरलेल्यात विमानांचं म्युझियम आहे. तिकीट काढून आरामात फिरता येतं. मान वर करून त्या लाकडी कमानी बघताना मानेला रग लागते. उन्हाळ्यातसुद्धा जॅकेट घेऊन या, आत चांगलाच गारठा असतो.