मदत हवी आहे: बीजीएमआय क्लॅनमध्ये व्हॉइस चॅट सक्तीचं करावं का?

तोरणा (धागाकर्ता)

आमच्या बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा गेम) क्लॅनला, म्हणजे खेळाडूंच्या गटाला, आता नियमित स्क्रिम (दुसऱ्या संघांशी सरावाचे सामने) खेळायच्या आहेत. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या व्हॉइस चॅनेलवर जो येणार नाही त्याला स्क्वॉडमध्ये (चौघांच्या तुकडीत) घ्यायचंच नाही, असा नियम काही जण मागताहेत. त्यांचं म्हणणं समजतं. चौघांतला एक गप्प असला की रोटेशनला (एका जागेवरून दुसरीकडे सरकताना) तो मागे राहतो, आणि त्याच्या बाजूने शत्रूचा रश (थेट चढाई) आला तर बाकीच्यांना पत्ताच नसतो.

पण अडचणीही खऱ्या आहेत. काहींना रात्री घरची मंडळी झोपल्यावर बोलता येत नाही. एकाला ऐकायला कमी येतं. दोन मुली उत्तम खेळतात, पण माइक चालू करत नाहीत. गावाकडून खेळणारे म्हणतात, डिस्कॉर्ड लावला की पिंग (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतो आणि फोन तापतो. शिवाय ज्यांची काहीच तक्रार नाही, त्यांचाही आवाज मधेच गायब होतो.

सक्ती करावी का? केली तर नेमकी कशाची? आणि हे तांत्रिक गोंधळ कसे निस्तरायचे?

वायरलेस

नियमाचं नंतर बघा, आधी आवाज का जातो ते शोधा. "हा बोलतच नाही" अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा तो बोलत असतो, पण कुणाला ऐकू जात नसतं.

अँड्रॉइड १० पासून दोन साध्या ॲपनी एकाच वेळी माइक मागितला तर आवाज एकालाच मिळतो, दुसऱ्याला नुसती शांतता. गेममधला माइक चालू ठेवून डिस्कॉर्डही लावला की नेमकं हेच होतं. ओळखायची खूण सोपी आहे: बोलताना डिस्कॉर्डमध्ये आपल्या चित्राभोवती हिरवं वर्तुळ उमटत नाही. उपाय असा: मिनीमॅपजवळच्या (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाजवळच्या) बटणांवरून गेमचा माइक आणि गेमचा व्हॉइस स्पीकर दोन्ही बंद करा, मग डिस्कॉर्डच्या चॅनेलमधून बाहेर पडून पुन्हा या. नुसतं म्यूट-अनम्यूट केल्याने माइक परत मिळेलच असं नाही.

पाच-दहा मिनिटांनी आवाज तुटत असेल तर फोन डिस्कॉर्डला मागच्या मागे बंद करतोय. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिस्कॉर्ड, त्यात बॅटरी, आणि तिथे "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. शाओमीच्या फोनवर "ऑटोस्टार्ट"ही चालू करावं लागतं.

ब्लूटूथ इअरबड्सचा त्रास याहून मोठा आहे. बड्सचा माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या प्रकारात जाते आणि स्टिरिओ आवाजाचा मोनो होतो. पावलं डावीकडून येताहेत की उजवीकडून, हे कळायचं बंद. म्हणजे बोलण्याच्या सक्तीपायी खेळाडूचे कान काढून घेतल्यासारखं होतं. स्क्रिमला तारेचे, माइकवाले इअरफोनच वापरायला सांगा. फोनला ३.५ मिमीचं छिद्र नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर घेताना त्यात डीएसी (डिजिटल आवाज इअरफोनला चालेल असा करणारी चिप) आहे ना, एवढं विचारा. डीएसी नसलेले स्वस्त कन्व्हर्टर बऱ्याच फोनवर चालतच नाहीत.

सह्यकडा

पिंगबद्दल. डिस्कॉर्डचं व्हॉइस चॅनेल मुळात ६४ केबीपीएसवर (सेकंदाला किलोबिट) असतं. आवाजाचे पॅकेट सेकंदाला ५० जातात आणि प्रत्येकाला साधारण ४० बाइटचं हेडर (पत्त्याची वगैरे जोडमाहिती) धरलं तर वरचे १६ केबीपीएस आणखी लागतात. एकूण ८०, म्हणजे एक माणूस तासभर अखंड बोलला तर ३६ एमबी. गप्प माणसाचा आवाज जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच कमी डेटा लागतो. चॅनेल सेटिंग्जमध्ये बिटरेट ३२ वर आणा, बोलणं तेवढंच स्पष्ट राहतं. त्याहून खाली जाऊन मिळत काही नाही, कारण हेडरचा भार तसाच राहतो.

पण ४जीवर पिंग ४० वरून २०० मिलिसेकंदांवर उडतो, त्याचं कारण सहसा डेटा नसून सिग्नलची धरसोड असते. डिस्कॉर्ड बंद करूनही पिंग उडतोय का, ते एका मॅचमध्ये बघा. उडत असेल तर सक्तीशी त्याचा संबंध नाही.

फोन तापण्याचा मात्र संबंध आहे. डिस्कॉर्डचं क्रिस्प नॉइज सप्रेशन (आजूबाजूचा गोंगाट गाळणारी सोय) प्रोसेसरला कामाला लावतं. फोन तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि ऐन शेवटच्या झोनला (आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळात) फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. व्हॉइस सेटिंग्जमध्ये ते "स्टँडर्ड" करा किंवा बंद करा. तारेचा माइक तोंडाजवळ असेल तर पंख्याचा आवाज तसाही फारसा जात नाही.

एक सावधगिरी. गोंगाट टाळायला काही ॲडमिन चॅनेलच्या परवानग्यांमधून "यूज व्हॉइस ॲक्टिव्हिटी" (बोलताच माइक आपोआप चालू होण्याची मुभा) काढून टाकतात. कॉम्प्युटरवर ते ठीक आहे. फोनवर पुश-टू-टॉकचं (दाबून धरलं तरच आवाज जाणारं) बटण डिस्कॉर्डच्या आत असतं, गेम समोर असताना ते दाबणार कसं? मोबाइलच्या क्लॅनने या परवानगीला हात लावू नये.

निळीशाई

माझं स्पष्ट मत: ऐकण्याची सक्ती करा, बोलण्याची नको. आणि तीही फक्त स्क्रिमपुरती. रोजच्या क्लासिक मॅचला नियम लावलात तर माणसं क्लॅन सोडतील.

स्क्रिममध्ये आयजीएलचा (खेळताना डावपेच ठरवणाऱ्या म्होरक्याचा) निर्णय चौघांना त्याच क्षणी कळणं गरजेचं असतं. ते ऐकून होतं. उलट, आपल्या बाजूची माहिती मार्कर (नकाशावर टाकायची खूण) आणि क्विक मेसेजने (गेममधली तयार वाक्यं) देता येते, तीही पुष्कळदा बोलण्यापेक्षा अचूक. दिशेचंच उदाहरण घ्या. "२१० वर एक" असं कुणी ओरडतं, पण होकायंत्राचा आकडा बोलणाऱ्याच्या जागेवरून असतो. शत्रू त्याच्यापासून १५० मीटरवर असेल आणि तुम्ही त्याच्या बाजूला १०० मीटरवर असाल, तर तुमचा आकडा जवळजवळ ३४ अंशांनी वेगळा येतो. तुम्ही भलत्याच झाडाकडे स्कोप लावून बसता. स्क्वॉड पसरलेलं असताना मार्करच टाकायचा किंवा जागेचं नाव घ्यायचं, हा नियम बोलणाऱ्यांनाही लावा.

मुलींच्या बाबतीत जरा थांबून विचार करा. आवाज ऐकला की अनोळखी लोक काय बोलतात, मेसेज कसे सुरू होतात, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. "माइक ऑन कर ना" असा आग्रह हाच तिथे त्रास असतो. म्हणून नियमात लिहा: कुणालाही माइक सुरू करायला सांगायचं नाही, कारण विचारायचं नाही, त्रास दिल्याची तक्रार खरी निघाली तर पहिल्याच वेळी क्लॅनमधून बाहेर. कुणी सामना यूट्यूबवर लाइव्ह करत असेल तर बाकीच्यांचा आवाज जाणार की नाही, हे आधी विचारायचं. परवानगी नसेल तर लाइव्हमध्ये डिस्कॉर्डचा आवाज नाही.

ज्याला कमी ऐकू येतं, तो बहुधा आधीपासूनच मिनीमॅपवरच्या पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणांवर खेळत असेल. ऐकण्याचा नियम त्याला लावू नका. त्याच्या स्क्वॉडने प्रत्येक हालचालीला आधी मार्कर टाकायचा, मग बोलायचं. आणि कुठे उतरायचं, पहिल्या झोननंतर कुठे जायचं, हे मॅचआधीच त्याला लिहून द्या.

तोरणा

धन्यवाद, माइकची भानगड आजच तपासतो. एक शंका: नुसतं ऐकणाऱ्याला आयजीएलने विचारलं तर त्याने उत्तर कसं द्यायचं? आणि सगळे एकदम बोलतात त्याचं काय?

निळीशाई

आयजीएलने हो-नाही असेच प्रश्न विचारायचे. "तुझ्या बाजूला काय आहे?" असं विचारलं तर ऐकणारा अडकतो. "डावीकडे कुणी आहे का?" विचारलं तर तो मार्कर टाकतो किंवा क्विक मेसेज पाठवतो. लागतील ते चार-पाच क्विक मेसेज सेटिंग्जमध्ये आधीच निवडून ठेवा, चढाईच्या वेळी लांब यादी चाळायला सवड नसते.

बोलणाऱ्यांसाठी क्रम ठरवा: जागा, अंतर, किती जण, त्यांची अवस्था. "गोदामामागे, साठ मीटर, दोन, एक नॉक (जखमी होऊन पडलेला)." एवढंच. स्वतः नॉक झालेल्याने शत्रू कुठे आहे ते एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं. मारलं गेल्यावर हळहळ आणि दोषारोप मॅच संपेपर्यंत बंद. शेवटच्या झोनला आयजीएल आणि ज्याला शत्रू दिसतोय तो, दोघांनीच बोलायचं.

वायरलेस

प्रत्येक स्क्वॉडला वेगळं चॅनेल द्या आणि "यूजर लिमिट" ४ ठेवा, म्हणजे मधेच कुणी गप्पा मारायला येत नाही. आयजीएलचा आवाज दबत असेल तर त्याच्या नावावर टॅप करून आवाज वाढवा, २०० टक्क्यांपर्यंत जातो. हे प्रत्येकाने आपापल्या फोनवर करायचं.

मॅचमध्येच डिस्कॉर्ड बंद पडला तर काय, हेही आधी ठरवा. बोलणाऱ्या सगळ्यांनी एकदम डिस्कॉर्ड सोडून गेमचा व्हॉइस सुरू करायचा, ऐकणाऱ्यांनी फक्त गेमचा स्पीकर. एक जण जरी डिस्कॉर्डला चिकटून राहिला तरी वर सांगितलेला माइकचा गोंधळ त्याच्या फोनवर सुरू होतो. स्क्रिमच्या आधी लॉबीत उभं राहून ही अदलाबदल एकदा करून बघा, मिनिटभराचं काम आहे.