पोटाच्या बायपासनंतर लांबचा परदेश प्रवास: पाणी, गोळ्या, जुलाब

तिरकी_टोपी
नमस्कार मंडळी. वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) होऊन ८ महिने झाले. आता ११ तासांचं विमान आणि पुढे १६ दिवस तीन देश. सर्जनची परवानगी आहे. घरी सगळं घड्याळावर चालतं: ६० ग्रॅम प्रोटीन, दीड लिटर पाणी, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह. बाहेर पडल्यावर यातलं आधी काय कोलमडतं? शिवाय तीन नेमके प्रश्न: पावडर आणि गोळ्या विमानतळावर अडवतात का, जुलाब लागले तर काय घ्यायचं, आणि परक्या डॉक्टरला काय सांगायचं?

संथ_घोट
आधी कोलमडतं ते पाणी. प्रोटीन दोन दिवस कमी पडलं तर फारसं बिघडत नाही, पण पाण्याची उधारी आपल्याला फेडता येत नाही. इतरांना तहान लागली की ते ग्लासभर गटागटा पितात. आपल्या एवढ्याशा पिशवीत तेवढं मावतच नाही.

रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून न्यायची आणि पलीकडे भरून घ्यायची. विमानात दर १०-१५ मिनिटांनी दोन-तीन घोट, म्हणजे तासाला १००-१५० मिलि. झोपेचे तास वजा केले तरी उतरेपर्यंत लिटरभर पोटात जातं. स्वच्छतागृहाला जायचा कंटाळा म्हणून पाणी टाळू नका. उलट मधल्या ये-जा करायच्या वाटेलगतची सीट घ्या आणि त्या निमित्ताने दर तासाला उठा. पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कोरडं पडण्याने आणि बसून राहण्याने वाढतो. गुडघ्याखालचे दाबमोजे मापाचेच हवेत, वरची कड रुतली तर उलटाच परिणाम. (ऑपरेशनला काही आठवडेच झालेल्यांनी लांबचं विमान पुढे ढकलावं, तेव्हा हा धोका जास्त असतो.)

फसफसणारं पेय अजिबात नको. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, त्यामुळे पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. घरी नुसती ढेकर येते, तिथे कळ येते.

ट्रे समोर आला की आधी प्रोटीनचा पदार्थ, मग भाजी, बाकीचं राहिलं तर राहिलं. पेय जेवणानंतर अर्ध्या तासाने. सोबत येणारी गोड वाटी आणि रस सरळ परत करा. डम्पिंग झालं, म्हणजे गोड एकदम आतड्यात उतरलं, तर १०-३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा सुरू होतो, आणि कर्मचाऱ्यांना तो हृदयाचा झटका वाटू शकतो.

सात_कप्पे
गोळ्यांचं सांगतो. मुक्काम १६ दिवसांचा असेल तर २२-२३ दिवसांच्या घ्या, सगळ्या हातातल्या सामानात. सात कप्प्यांची डबी घरात सोयीची, सीमेवर नाही. मूळ पाकिटं आणि औषधांची मूळ नावं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन सोबत हवं. ब्रँडची नावं दुसऱ्या देशात कुणाला कळत नाहीत.

पावडर नेता येते. मात्र अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानात ३५० मिलिपेक्षा जास्त आकारमानाची पावडर असेल तर वेगळी तपासतात आणि अडवूही शकतात. म्हणून डबा मोठ्या बॅगेत टाका, जवळ एकेका वेळेची छापील पाकिटं ठेवा. घरच्या प्लास्टिकच्या पिशवीत सुटी पांढरी पावडर भरून नेणं म्हणजे चौकशीला आमंत्रण. प्रोटीनचं तयार पेय द्रवात मोडतं, त्यामुळे अनेक विमानतळांवर १०० मिलिवर सुटत नाही. चीज, दही, मांस विमानातच संपवा. बऱ्याच देशांत ते बाहेरून आणायला बंदी आहे.

वेळा बदलल्या की कॅल्शियम आणि लोहाचा घोळ होतो. दोन्ही एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये दोन तास. कॅल्शियम एका वेळी ५००-६०० मिग्रॅच, त्याहून जास्त अंगी लागत नाही. म्हणजे चुकलेला डोस पुढच्यात मिसळण्यात काही अर्थ नाही, सोडून द्या. उतरलात की तिथल्या घड्याळावर नवा क्रम लावा: उठल्यावर लोह, पुढे दोन-तीन वेळा कॅल्शियम सायट्रेट. ही ढिलाई फक्त व्हिटॅमिनांपुरती हं! मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर वेळा निघण्याआधी डॉक्टरकडूनच लिहून घ्या. बी-१२च्या इंजेक्शनची तारीख प्रवासात येत असेल तर अलीकडे घेता येईल का, तेही तेव्हाच विचारा.

मोजून_मापून
जुलाबांबद्दल. जठरातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारा. बायपासनंतर तो विरळ होतो, त्यात आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर आणखीच. त्यामुळे बर्फ, कच्ची कोशिंबीर, उघड्यावर ठेवलेलं अन्न याबाबत सोबतच्यांपेक्षा कडक राहा.

लागलेच तर ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. फळांच्या रसात साखर लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणून ओआरएस घोटाघोटाने सोसतं आणि रस जुलाब वाढवतो. पाकीट लिहिलेल्या मापातच कालवा. कमी पाण्यात दाट केलं तर तेही रसासारखंच वागतं. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा रक्त असेल तर घ्यायची नाही. अँटिबायोटिक सोबत नेणार असाल तर लिहून देणाऱ्याला बायपास झाल्याचं सांगा, काहींचं शोषण कमी होतं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही भरवसा बायपासनंतर आणि जुलाब-उलट्यांत धरू नये.

दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. अमेरिकेत तेच अ‍ॅसिटामिनोफेन नावाने मिळतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन नको, जोडणीच्या जागी अल्सर होऊ शकतो. फसगत होते ती सर्दीच्या मिश्र गोळ्यांत, आयब्युप्रोफेन त्यांत आत दडलेलं असतं. पाकिटामागचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

आणि उलट्या. एखाद-दुसरी घाईने खाल्ल्याने होते. पण दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल तर थायमिन, म्हणजे बी-१, खाली जातं, कारण शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. एकाचे दोन दिसणं, झोकांड्या जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. इथे ग्लुकोजची सलाईन आधी चढवली तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. शिरेतून थायमिन आधी, मग ग्लुकोज.

तिरकी_टोपी
हे मला ठाऊकच नव्हतं. मग परक्या डॉक्टरला द्यायच्या चिठ्ठीत हेच लिहून घ्यायचं का? आणि पोट दुखलं तर साधं कुठलं, धोक्याचं कुठलं?

मोजून_मापून
हो. एका पानाची चिठ्ठी, सर्जनच्या सहीची, इंग्रजीत, जमल्यास त्या देशाच्या भाषेतही. त्यात ऑपरेशनचा पूर्ण प्रकार आणि तारीख (नुसतं ‘बायपास’ लिहिलं तर हृदयाचं समजतील), नव्या जोडणीची हाताने काढलेली आकृती, चालू औषधं, आणि ठळक तीन ओळी: आयब्युप्रोफेनसारख्या सूज-वेदनेच्या गोळ्या नकोत, ग्लुकोजआधी थायमिन, नाकातून पोटात नळी अंदाजाने घालू नये. आंधळेपणाने ढकललेली नळी छोट्या पिशवीला किंवा जोडणीला भोक पाडू शकते.

दुखण्याचं म्हणाल तर खाल्ल्यावर छातीखाली अडकल्यासारखं होऊन तासाभरात सुटलं तर बहुधा घास नीट चावला गेला नाही. उजवीकडे बरगडीखाली, पाठीकडे जाणारी कळ पित्ताच्या खड्यांची असू शकते. वजन वेगाने उतरताना ते होतात. पण पिळवटून येणारी, थांबून पुन्हा येणारी, नाभीच्या आसपास किंवा डावीकडे वर दुखणारी कळ असेल तर आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकलेला असू शकतो. बायपासनंतर वजन उतरलं की या फटी रुंदावतात. अशा वेळी सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी धोका टळला असं होत नाही. कळ चालूच असेल तर बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनने पाहायलाच हवं. चिठ्ठीत ही चौथी ओळ घालून घ्या.

सात_कप्पे
त्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आणि एक प्रत सोबतच्या माणसाकडे ठेवा. प्रवास विमा घेताना ऑपरेशन अर्जात लिहाच. न लिहिता घेतलेल्या विम्यावर याच पोटदुखीचा दावा नाकारला जाऊ शकतो. तीनही देश पॉलिसीत आहेत ना, तेही बघा.