दोन वर्षं धरून ठेवण्याची वस्तू नव्हे

घोडबंदरच्या दादांचा मुद्दा असा की अमेरिकेत व्याजदर वाढले की बॉण्डचे भाव पडतात, मग इन्व्हर्स फंड (बॉण्ड पडले की वर जाणारा, उलट्या दिशेचा फंड) घेऊन दोन वर्षं गप्प बसावं. दिशा बरोबर आहे. 2022 मध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर चढवले तेव्हा हे फंड उसळलेच. पण उलटा परतावा फक्त त्या-त्या दिवसापुरता असतो. बॉण्डचा निर्देशांक 100 वरून 110 झाला आणि दुसऱ्या दिवशी परत 100 वर आला, तर साध्या इन्व्हर्सचे 100 रुपये 98.18 होतात, रोज दुप्पट उलटा परतावा देणाऱ्याचे साधारण 94.55. बॉण्ड जागच्या जागी, पैसे मात्र गेले! वर खर्च वेगळा. नौपाड्यातल्या आमच्या काकांनी पेन्शनचे पैसे यात घालायचं काढलं होतं, त्यांना मी हाच हिशोब पावतीमागे मांडून दाखवला. दर चढण्याचीच भीती असेल तर कमी मुदतीचे बॉण्ड घ्या ना.